हबशांच्या गावाला एस्. टी. जाते

मराठी मध्यमवर्गीयाने सुटीत कोठे जावे, याचा निर्णय हल्ली त्याच्या घरात होत नाही. तो प्रवासी कंपनीच्या रंगीत पत्रकात छापूनच येतो. आठ दिवसांत पाच देश, सकाळी पोहे, रात्री पुरणपोळी, अशा थाटात आमची माणसे आल्प्स पाहून येतात. ज्यांची ऐपत त्याहून मोठी, ते आफ्रिकेत जाऊन सिंह, जिराफ आणि झेब्रे पाहतात. ज्याचा पैसा त्याची हौस. त्याबद्दल आमची काही तक्रार नाही. तक्रार आहे ती दुसरीच. आफ्रिका पाहायला समुद्र ओलांडणाऱ्या या मंडळींना हे ठाऊकच नसते की, आफ्रिका चारशे वर्षांपूर्वीच समुद्र ओलांडून आमच्या दारात आली. ती येथे विकली गेली, येथे लढली, येथे तिने राज्य केले आणि तिची लेकरे आजही बेळगावच्या शेजारच्या जिल्ह्यात कोंकणी बोलत शेतात राबत आहेत. ही आफ्रिका पाहायला पारपत्र लागत नाही. एस्. टी.चे तिकीट पुरते.

‘आमच्याकडे हबशांचा वारसा कसला?’ असे विचारणारे सुशिक्षित गृहस्थ आम्हांला पुष्कळ भेटले आहेत. फार तर त्यांना जंजिऱ्याचा सिद्दी आठवतो, आणि तोही तो किल्ला हाती न लागल्याच्या चुटपुटीसकट. हबश म्हणजे अ‍ॅबिसिनिया, आजचा इथिओपिया. तेथून आला तो हबशी. सिद्दी हा शब्द ‘माझे धनी’ या अर्थाच्या अरबी संबोधनावरून आला, असे मानतात. म्हणजे एक नाव देशाचे आणि दुसरे मानाचे. त्यांतल्या पहिल्याचा उपयोग आज आम्ही कशाकडे करतो? सावळ्या पोराला चिडवण्याकडे! ज्या नावाची आपण शिवी केली, ते धारण करणाऱ्यांच्या हाताखाली आपले पूर्वज घोड्यावर बसून लढत होते, याची त्या चिडवणाऱ्यांना गंधवार्ताही नसते.

मलिक अंबरचीच गोष्ट घ्या. इथिओपियात १५४८ च्या सुमारास जन्मलेला चापू नावाचा एक मुलगा गुलाम म्हणून विकला गेला. बगदादच्या एका व्यापाऱ्याकडे तो लिहायला-वाचायला शिकला, तेथेच त्याला अंबर हे नाव मिळाले, आणि अखेरीस तो अहमदनगरच्या निजामशाहीत आला. तेथे त्याला ज्याने विकत घेतले तो चंगीझखान राज्याचा पेशवा होता. आणि हा पेशवाही एके काळचा हबशी गुलामच. १६०० साली अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडला, राज्य बुडाले असे सर्वांना वाटले, त्या वेळी या माजी गुलामाने राजवंशातला एक वारस शोधून त्याला गादीवर बसवले आणि पुढे पाव शतक दिल्लीच्या फौजांना दख्खनेत सुखाची झोप लागू दिली नाही. मराठ्यांच्या चपळ घोडदळानिशी छापे घालावे, रसद तोडावी, मोठी लढाई टाळावी, ही त्याची रीत. पुढे ती कोणी कळसास नेली, हे आम्ही मराठी वाचकाला सांगावयास नको.

जहांगीर बादशहाला तर त्याने इतके जेरीस आणले की, बादशहाने आपल्या आठवणींत त्याला मनसोक्त शिव्या दिल्या. तेवढ्याने समाधान होईना, तेव्हा चित्रकार अबुल हसन याच्याकडून एक चित्र काढविले. त्यात मलिक अंबरचे तुटके शिर भाल्यावर खोचलेले आहे आणि बादशहा त्यावर बाण सोडीत आहे. ते शिर प्रत्यक्षात त्याला कधीच मिळाले नाही. चित्र आज डब्लिनच्या संग्रहालयात आहे. अंबर मात्र १६२६ साली वृद्धापकाळी आपल्या मरणाने मेला आणि खुलदाबादेस आपल्या थडग्यात निजला.

आता या खुलदाबादची वाट पाहा. घृष्णेश्वराच्या दर्शनाला आणि वेरूळची लेणी पाहायला छत्रपती संभाजीनगराहून रोज बसगाड्या भरून जातात. वाटेत खुलदाबाद लागते. २०२५ साली औरंगजेबाच्या कबरीवरून जो गदारोळ उठला, त्यामुळे हे गाव वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आले. कबर ठेवावी की उखडावी, यावर महाराष्ट्रभर गळे सुकले. त्याच गावात, ज्याने औरंगजेबाच्या आजोबाला हैराण केले त्याचा घुमट उभा आहे, त्याच्या पत्नीची, बीबी करीमाची, कबरही तेथेच आहे. आणि त्या सबंध कोलाहलात अंबरचे नाव काढावे असे फारच थोड्यांना वाटले. ज्या शहरातून ही बस सुटते ते शहरही त्यानेच १६१० साली खडकी या नावाने वसविले. तेथला भडकल दरवाजा त्याने १६१२ साली बांधला, आणि कोरड्या पठारावरच्या या शहराला पाणी मिळावे म्हणून डोंगरातून भुयारी नहर खणून आणला. जमिनीची प्रत पाहून सारा ठरविण्याची त्याची पद्धत ‘मलिकंबरी’ या नावाने आमच्या महसुली भाषेत पुढे कितीतरी वर्षे टिकून होती. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत त्याने मेहेकरी नदीवरच्या तलावाचे पाणी सोडून शत्रूचा तळ चिखलात रुतविला. त्या लढाईत त्याच्या बाजूने शहाजीराजे लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी कामी आले. भोसल्यांचे वेरूळ आणि अंबरचे खुलदाबाद यांत काही थोड्या मैलांचेच अंतर आहे. वेरूळला उतरणाऱ्याने परतीची एक गाडी सोडून पुढची धरली, तर एवढा इतिहास पदरात पडतो. बायकांना महाराष्ट्राच्या एस्. टी.त २०२३ पासून अर्धे तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून मुळीच तिकीट नाही. तेव्हा ‘परवडत नाही’ ही सबब येथे चालणार नाही.

कोणी म्हणेल, तुम्ही सिद्दींचे पोवाडे गायला बसलात. तसे नाही. जंजिऱ्याच्या सिद्दींनी कोंकणपट्टीला दिलेला त्रास आम्ही विसरलेलो नाही. १७२७ साली सिद्दी सातने परशुरामाच्या देवस्थानाचा विध्वंस केला आणि १७३६ साली चिमाजीअप्पांनी त्याला रणात मारले, हेही इतिहासातच लिहिलेले आहे. पण पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर ज्यांना पाठ आहे, त्यांना त्याच वेढ्यावर नेतोजी पालकरासमवेत चालून गेलेला सिद्दी हिलाल का आठवू नये? तोही सिद्दीच होता आणि शिवाजीमहाराजांच्या बाजूने लढत होता. वारसा म्हणजे केवळ ओवाळण्याची वस्तू नव्हे. जंजिऱ्यावर जाणाऱ्याने दोन्ही गोष्टी जाणून जावे. आज तेथे काय होते? राजपुरीहून शिडाच्या होडीत बसावे, कलालबांगडी तोफेशेजारी उभे राहून छायाचित्र काढावे, वाटाड्याच्या तोंडून भुयारांच्या आणि गुप्त खजिन्यांच्या दंतकथा ऐकाव्या आणि तासाभरात परतावे. १९४८ पर्यंत येथे आफ्रिकी वंशाच्या नबाबाचे संस्थान होते, हे ऐकून होडीतली अर्धी माणसे आ वासतात. राजपुरीजवळच खोकरीला सिद्दी सरदारांचे तीन दगडी घुमट आहेत. सिद्दी कासीम याकूतखान तेथे निजला आहे. तिकडे मात्र गाडी वळत नाही, कारण तेथे भजी मिळत नाहीत.

गोव्याच्या वाचकांना आमचे सांगणे याहून कडू आहे. जुन्या गोव्यात सेंट झेवियरच्या शवपेटिकेपुढे रांगा लागतात, लागोत. पण त्याच नगरीच्या मुख्य रस्त्यावर, ‘रुआ दिरैता’वर, माणसांचा बाजार भरत असे. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेल्या लिन्सखोतेन या डच गृहस्थाने तो बाजार डोळ्यांनी पाहिला आणि १५९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात चित्रासह नोंदविला. मोझांबिकाहून आणलेली काळी माणसे तेथे घोड्यांबरोबर आणि दागदागिन्यांबरोबर पुकारून विकली जात. आपण मराठीत आणि कोंकणीत जो ‘लिलाव’ म्हणतो, तो शब्द पोर्तुगीजांच्या याच व्यवहारातून आला. ‘खापरी’ हाही त्यांच्याच ‘काफ्र’ या शब्दाचा अवशेष. पोर्तुगीज राज्यात गुलामगिरी कायद्याने नाहीशी व्हायला १८६९ साल उजाडावे लागले. गोव्याच्या सहलीत ही गोष्ट सांगणारा वाटाड्या आम्हांला अजून भेटावयाचा आहे. चर्चची उंची, घंटेचे वजन, वेदीवरच्या सोन्याचा मुलामा, सारे तोंडपाठ. ज्यांच्या पाठीवरून हे वैभव उभे राहिले त्यांच्याविषयी एक अक्षर नाही.

अमेरिकेत हाच प्रश्न होता आणि तेथल्या कृष्णवर्णीयांनी तो आपल्या हातांनी सोडवावयास घेतला. काळ्या माणसाला वाटेत खानावळ मिळेना, रात्रीला खोली मिळेना, तेव्हा हार्लेमच्या व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या पोस्टमनने १९३६ साली एक हिरवी पुस्तिका छापली. कोणत्या गावात कोणाच्या घरी उतरावे, पेट्रोल कोठे मिळेल, न्हावी कोण, एवढीच तीत माहिती. पण तिच्या बळावर हजारो कुटुंबांनी स्वस्तात आणि निर्भयपणे आपला देश पाहिला. तीस वर्षे ती निघत राहिली. आज तीच माणसे मुलाबाळांना मोटारीत घालून दक्षिणेतल्या गावांतून हिंडतात, सेल्माचा पूल पायी ओलांडतात, आणि मंटगमरीला जातात. गुलामांचा व्यापार जेथे चाले, त्या मंटगमरी शहरात २०१३ साली तसे सांगणारे फलक उभारले गेले आणि २०१८ साली जमावाने ठार केलेल्या ४,४०० हून अधिक काळ्या माणसांचे स्मारक झाले. लाजेची जागाही दाखविण्याची जागा असते, एवढे त्या शहराला कळले. रुआ दिरैतावर तसा फलक उभारावयास गोवा सरकारला किती खर्च येईल? एखाद्या कार्निव्हलच्या रोषणाईइतका तरी येईल काय?

बडोद्याच्या आणि हैदराबादच्या वाचकांनी हे वाचून स्वस्थ बसू नये. अहमदाबादेतील सिद्दी सैयद मशिदीची जाळी, १५७२-७३ ची, सारे जग पाहते. ती बांधविणारा हबशी होता हे मात्र तिच्यापुढे उभे राहूनही विचारीत नाही. भरूच जिल्ह्यात रतनपूरच्या टेकडीवर बाबा गोर यांचा दर्गा आहे; अकीकाच्या व्यापाराशी जोडलेले हे सिद्दींचे मोठे श्रद्धास्थान बडोद्याहून एका दिवसात पाहून होते. हैदराबादेत ए. सी. गार्ड्‌स या वस्तीत आम्ही राहतो असे सांगणाऱ्या कितीजणांना त्या अक्षरांचा अर्थ ‘आफ्रिकन कॅव्हलरी’, म्हणजे निजामाचे आफ्रिकी घोडदळ, हे ठाऊक असते?

परंतु दगड पाहणे सोपे. माणसे पाहणे अवघड, आणि आमचा खरा रोष येथे आहे. गोव्याच्या धन्यांपासून निसटलेले आणि पुढे मुक्त झालेले आफ्रिकी लोक सह्याद्रीच्या रानात शिरले. यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड, अंकोला या तालुक्यांत त्यांचे वंशज आहेत. कोणी हिंदू, कोणी ख्रिस्ती, कोणी मुसलमान. घरातली बोली बहुतेकांची कोंकणी. या मासिकाच्या अर्ध्या पानांची जी भाषा, ती त्यांची मातृभाषा. आणि तरी बाजारात त्यांना ‘कोणत्या देशातून आलात?’ असा प्रश्न इंग्रजीत विचारला जातो! सरकारची दृष्टीही याहून वेगळी नव्हती. १९८७ साली भारतीय क्रीडा प्राधिकरणाने सिद्दींची मुले धावण्याच्या पदकांसाठी निवडून नेली, कारण त्यांचे रक्त आफ्रिकेचे. आणि १९९३ साली ती योजना गुंडाळली. उत्तर कन्नडातल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला तो २००३ साली, आणि शांताराम सिद्दी हे कर्नाटकाच्या विधान परिषदेवर नियुक्त झाले तेव्हा २०२० साल उजाडले होते.

आता प्रवासी व्यावसायिकांची नजर तिकडे वळली आहे. जंगलातल्या निवासात रात्री शेकोटीभोवती पाने नेसवून सिद्दींना नाचवायचे, पाहुण्यांनी टाळ्या पिटायच्या आणि जेवायला उठायचे. याला आम्ही वारसादर्शन म्हणत नाही. दमामाच्या तालावर सिद्दी स्त्रीपुरुष नाचतात ते आपल्या सणाला आणि आपल्या आनंदाला. भाड्याने घेतलेल्या अर्ध्या तासात तो आनंद कोठून यावा? जायचेच असेल, तर ज्या घरी बोलावणे असेल त्या घरी जावे, जे शिजले असेल ते जेवावे आणि त्याचे पैसे त्या घरच्या बाईच्या हातात द्यावे. तेथल्या बायका जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून कवंदी शिवतात. आमच्या आजीच्या वाकळेचीच ती बहीण, पण रंगांची जाण अशी की पाहत राहावे. ती विकत घेताना घासाघीस करू नये. शहरात तिचाच भाव दुकानदार किती लावतात, ते आम्ही पाहिले आहे.

बेळगावच्या भगिनींना तर या वाटेवर बसचे भाडेही द्यावे लागत नाही. कर्नाटकाच्या साध्या बसमधून तेथल्या रहिवासी स्त्रियांचा प्रवास २०२३ पासून मोफत आहे. सकाळी बेळगावहून हल्याळ, तेथून यल्लापूर, दुसऱ्या दिवशी अरबैल घाट उतरून अंकोला आणि मग कारवार. कारवारात खापरी देवाचे देऊळ आहे. आफ्रिकेतून आलेल्या एका सिद्दीच्या नावाने चालत आलेले हे दैवत असून भाविक त्याला विडी-सिगारेट आणि दारू वाहतात. पुढे काळी नदी ओलांडली की गोव्याची हद्द, आणि संध्याकाळच्या आत जुने गोवे. पावसाळ्यात मात्र निघू नये. अरबैल घाटात दरडी येतात आणि जंजिऱ्याच्या होड्याही त्या दिवसांत बंद असतात. दिवाळीचा फराळ संपला, की उरलेला डबा बरोबर घ्यावा आणि पहिली गाडी पकडावी.