मालवाहू विमानाची तोफगाडी नको



हवाई दलाच्या जुन्या एएन-३२ मालवाहू विमानांवर तोफा बसवाव्यात, असे सुचवताना एका पत्रलेखकाने 1971 च्या भारत-पाक युद्धाचा दाखला दिला आहे. दाखला खरा, पण निष्कर्ष चुकीचा. त्या युद्धात विंग कमांडर विद्याभूषण वसिष्ठ यांच्या 44 व्या स्क्वॉड्रनने एएन-१२ विमानांतून चांगा मांगाच्या जंगलातील पाकिस्तानी साठ्यांवर बॉम्ब टाकले. वसिष्ठांना महावीरचक्र मिळाले. पण ही विमाने रात्री येत, मागच्या दारातून बॉम्ब सोडत आणि निघून जात. तोफा बसवलेल्या विमानाला मात्र एकाच लक्ष्याभोवती संथ घिरट्या घालत मारा करावा लागतो. खांद्यावरून सोडायच्या क्षेपणास्त्रांच्या काळात ही घिरटीच घातक ठरते. 1991 मध्ये आखाती युद्धातील खफजीच्या लढाईत अमेरिकेचे एसी-१३० हे तोफा बसवलेले विमान उजाडेपर्यंत लक्ष्यावर रेंगाळले आणि क्षेपणास्त्राने पडले. आतील चौदाही जण गेले.

शत्रूकडे विमानविरोधी अस्त्रे नसतील तर हा उपाय स्वस्त पडतो, हा आक्षेप मला मान्य आहे. व्हिएतनाममध्ये बंदुका बसवलेल्या जुन्या डाकोटा विमानांनी रात्री वेढलेली ठाणी वाचवली. पण आपल्या दोन्ही सीमांवर तशी मोकळीक नाही, आणि मालवाहू विमाने आपल्याकडे मुळातच अपुरी आहेत. लडाखची रसद त्यांच्यावरही चालते. 2021 च्या करारातील 56 सी-२९५ विमानेही जुन्या अ‍ॅव्रो मालवाहू विमानांची जागा घेण्यासाठीच आहेत. जमिनीवरील जवानांना आधार द्यायचा, तर ‘प्रचंड’ हेलिकॉप्टरे आणि सशस्त्र ड्रोन वाढवावेत.

– एक वाचक, सातारा