जॉन जॅकच्या थडग्यावर कुणाचे शब्द?

एक जानेवारी जवळ आली की विद्यापीठात कुणीतरी तो प्रश्न टाकतंच. कोरेगावचा स्तंभ कंपनी सरकारने स्वतःच्या विजयासाठी उभारला, त्यात तुमचं काय? एका सेमिनारमध्ये मला हे विचारलं गेलं तेव्हा मी गप्प बसले. आता विचारलं तर मी कोरेगावपासून सुरुवात करत नाही, अमेरिकेतल्या एका जोडे शिवणाऱ्याच्या थडग्यापासून करते.

मॅसॅच्युसेट्समधल्या कॉन्कॉर्ड गावात, टेकडीवरच्या जुन्या दफनभूमीत जॉन जॅकचा दगड आहे. आफ्रिकेत जन्मलेला हा माणूस मार्च १७७३ मध्ये, साधारण साठाव्या वर्षी वारला. त्याचा मालक बेंजामिन बॅरन जोडे बनवायचा, जॅकही तेच काम करायचा. १७५४ मध्ये मालक मेला आणि त्याच्या मालमत्तेची यादी झाली. यादीत जॅकची किंमत लावली आहे १२० पौंड. व्हायोलेट नावाच्या गुलाम बाईपुढे लिहिलंय, किंमत काही नाही.

जॅकने जोडे शिवून, लोकांच्या शेतात राबून पैसे साठवले, स्वतःला सोडवलं, थोडी जमीनही घेतली. मरताना सगळं व्हायोलेटच्या नावे केलं. ती तेव्हाही बॅरनच्या मुलीची गुलाम होती, आणि गुलामाच्या नावावर काही राहू शकत नव्हतं.

दगडावरचा मजकूर लिहिला डॅनियल ब्लिस या वकिलाने. आशय असा: हा गुलामीच्या देशात स्वतंत्र जन्मला आणि स्वातंत्र्याच्या देशात गुलाम म्हणून जगला, प्रामाणिक, पण चोरल्या गेलेल्या श्रमांतून त्याने सुटका मिळवली, शेवटी मृत्यूने त्याला राजांच्या बरोबरीला बसवलं. (बरोबरीला बसायला मरावं लागतं, हे आपल्याला कुणी समजावायला नको.)

ब्लिसला जॅकचा एवढा कळवळा कुठून आला? तो इंग्लंडच्या राजाच्या पक्षाचा. गावातले देशभक्त स्वातंत्र्याची भाषणं ठोकत होते, आणि त्याच गावात गुलाम राबत होते. त्यांना टोमणा मारायला ब्लिसला हे थडगं सापडलं. दोन वर्षांत त्यालाच गाव सोडून पळावं लागलं. आणि एवढं कौतुक करताना जॅकला दुर्गुणाचा गुलाम म्हणायला वकीलसाहेब विसरले नाहीत. हे वाचताना मला आपल्या वस्त्यांवर लिहिलेले प्रबंध आठवले. कौतुकाच्या तिसऱ्या ओळीत दारू येतेच.

म्हणजे लिहिणाऱ्याचा हेतू स्वच्छ नव्हता. मान्य. पण म्हणून स्वातंत्र्याच्या देशात जॅक गुलाम होता, हे खोटं ठरतं का? एकोणिसाव्या शतकात गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्यांनी हाच मजकूर उचलून धरला, तेव्हा ब्लिस राजाचा माणूस होता म्हणून ते अडून बसले नाहीत. जॅक गेला त्यानंतर शंभर वर्षांनी, १८७३ मध्ये, जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते अमेरिकेतली गुलामी मोडणाऱ्यांना. इथली आणि तिथली गुलामी एकत्र वाचायला त्यांनीच शिकवलं.

कोरेगावला कंपनीला स्वतःचा विजय कोरायचा होता. पण मेलेल्यांची नावं कोरली, आणि त्यात ‘नाक’ लागलेली नावं आली. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला तिथे गेले ते त्या नावांसाठी. कंपनीचं कौतुक करायला नव्हे.

तेव्हा पुढच्या वेळी विचाराल, तर स्तंभ कुणी उभारला ते मी न लपवता सांगेन. मग माझा एक प्रश्न. व्हायोलेटची किंमत शून्य लावणारी यादीही कुणीतरी, कशासाठी तरी लिहिली होती. ब्लिसच्या दगडावर तर तिचं नावही नाही. असल्या याद्या, मालकांच्या वह्या, पाटलांची दप्तरं तुमच्या संदर्भसूचीत ‘अस्सल साधनं’ म्हणून येतात, तेव्हा लिहिणाऱ्याचा हेतू कुणी का तपासत नाही?