आढ्याचे पाणी

‘आढ्याचे पाणी वळचणीला’ असे आपण म्हणतो, आणि जे व्हायचे ते होणारच म्हणून स्वस्थ बसतो. पण वाचकहो, ही म्हण करणाऱ्याला एक गोष्ट सांगायची राहून गेली. आढे एक असले, तरी वळचणी दोन असतात! पाणी कोणत्या वळचणीला जायचे, हे आढ्यावरच ठरते, आणि तेही बोटभर जागेत.

सह्याद्रीचा माथा हे महाराष्ट्राचे आढे. भूगोलाच्या पुस्तकात त्याला ‘जलविभाजक’ असे भारदस्त नाव आहे. महाबळेश्वरी पडलेला थेंब पश्चिमेच्या उताराला लागला, तर सावित्रीबरोबर पोलादपूर, महाड करीत शंभर-सव्वाशे किलोमीटरांत बाणकोटला समुद्र गाठतो. त्याचा जुळा भाऊ जरा पूर्वेला पडला, तर त्याला कृष्णामाईचे बोट धरून १,४०० किलोमीटर चालावे लागते. समुद्र पाठीमागे साठ-सत्तर किलोमीटरांवर, आणि हा निघाला कर्नाटक, तेलंगण, आंध्र ओलांडून बंगालच्या उपसागराला!

ढगांचीही हीच तऱ्हा. पश्चिमेकडून येतात, डोंगर चढताना गार होतात आणि माथ्यावर रिते होतात. महाबळेश्वरला वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस. तेथून सव्वाशे-दीडशे किलोमीटर पूर्वेला आटपाडीत ५०० च्या आसपास. माझे आजोळ त्या माणदेशातले. ‘यंदा पाऊस कसा काय?’ असे कोणी विचारले, की आजी म्हणायची, ‘झाला की! महाबळेश्वरला झाला.’ भांडी विसळलेले पाणी मात्र ती शेवग्याला घातल्याशिवाय राहत नसे.

ही वाटणी निसर्गाची. त्याच्यावर फिर्याद कोण करणार? पण पुढे माणसाने आढ्यालाच भोक पाडले. कोयना ही पूर्ववाहिनी. कऱ्हाडला कृष्णेला मिळणारी. तिला हेळवाकजवळ अडवून, सह्याद्रीच्या पोटातून बोगदे खणून, तिचे पाणी पोफळीकडे कोकणात सोडले. चारशेहून अधिक मीटर खाली पडणाऱ्या त्या पाण्यावर १९६२ पासून वीज होऊ लागली. आज १,९६० मेगावॉटची यंत्रे तेथे आहेत. मग ते पाणी वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीला जाते. कृष्णा पाणीतंटा लवादाने १९७६ साली या पश्चिमेच्या वळणाला वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली.

आता दुसरी बाजू पाहा. कऱ्हाडच्या खाली तेंभूला कृष्णेचे पाणी पंपांनी उचलतात आणि टप्प्याटप्प्याने चढवत आटपाडीकडे नेतात. म्हणजे वळचणीचे पाणी आढ्याला! आणि ते चढवायला वीज लागते. विजेचे बिल थकले, की पंप बंद. एकीकडे पाणी खाली पडून वीज देते, दुसरीकडे शेतकरी विजेचे पैसे मोजून पाणी वर चढवतो.

वीज नको, असे मी म्हणत नाही. हा मजकूर मी दिव्याखालीच लिहितो आहे. पण कोयनेच्या जलाशयात ज्यांची घरे बुडाली, त्यांतल्या कित्येकांना अर्धशतक उलटल्यावरही हक्काच्या जमिनीसाठी धरणे धरावे लागले. डोंगराने केलेल्या वाटणीचा जाब डोंगराला विचारता येत नाही. बोगदा मात्र आपण खणला. तेव्हा ‘आढ्याचे पाणी वळचणीला’ म्हणून आता आपल्याला सुटता येणार नाही.