साडेचार तासांचे अर्थशास्त्र

अकस्मात तोंड वाकडे होते, एक हात लुळा पडतो, जीभ अडखळू लागते. अर्धांगवायूची ही लक्षणे खेड्यापाड्यांतही परिचित आहेत. परंतु त्यांच्या मुळाशी दोन परस्परविरुद्ध कारणे असू शकतात. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने तुंबते, अथवा फुटून रक्तस्राव होतो. पहिल्या प्रकारात गुठळी विरघळविणारे औषध रुग्णाला तारू शकते. दुसऱ्यात तेच प्राणघातक ठरते. केवळ लक्षणांवरून हा भेद खात्रीने करणे निष्णात डॉक्टरांनाही शक्य नसते.

विज्ञानाने ही अडचण केव्हाच दूर केली आहे. १९७१ साली लंडनमध्ये सीटी स्कॅनने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले गेले. या शोधाबद्दल हाउन्सफील्ड आणि कॉर्मॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ताजा रक्तस्राव या चित्रात तत्काळ पांढरा दिसतो. उलट, गुठळीचा आघात पहिल्या काही तासांत बहुधा दिसतच नाही. म्हणून चित्र निर्दोष आहे एवढ्यावरून रुग्णाला घरी धाडणे घातक होय. लक्षणे नेमकी केव्हा सुरू झाली, रक्तातील साखर फार उतरली आहे काय, हे तपासणाऱ्या डॉक्टरची जागा यंत्र घेऊ शकत नाही.

गुठळीवरील हे औषध सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मोठी रक्तवाहिनी तुंबली असता दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा २००६ सालचा अंदाज आहे. येथेच वैद्यकाचा प्रश्न अर्थशास्त्राचा होतो. खासगी यंत्रे क्रयशक्तीच्या मागे शहरांत जातात. दुर्गम पाड्यावरील मजुराचे साडेचार तास मात्र वाहन शोधण्यात आणि पैशांची जुळवाजुळव करण्यात सरतात. आजार एकच, परंतु एकजण चालत घरी परततो, दुसरा जन्मभर अंथरुणाला खिळतो आणि त्याचे कुटुंब कर्जात बुडते.

२०१५ साली सुरू झालेल्या मोफत निदान सेवा योजनेत जिल्हा रुग्णालयांतील सीटी स्कॅनचा अंतर्भाव आहे, हे स्वागतार्ह आहे. पण मध्यरात्री तंत्रज्ञ नसेल, अथवा औषधाचा साठा संपला असेल, तर यंत्राची खरेदी ही केवळ हिशेबवहीतील नोंद उरते. चोवीस तास चालणारे यंत्र, ते चालविणारा कर्मचारी, मोफत औषध आणि वेळेवर येणारी रुग्णवाहिका ही चारही एकत्र मिळाली पाहिजेत. ही मागणी दयेची नव्हे, नागरिकाच्या हक्काची आहे. आणि ती प्रत्येक जिल्ह्यातून उठली पाहिजे.