चिपी ते पुणे: हवेत एक तास, पण घरातून निघाल्यापासून किती?

चिपी विमानतळ 9 ऑक्टोबर 2021 ला सुरू झाला. चिपी ते पुणे हवाई अंतर साधारण 290 किमी. ताशी 500 किमीच्या आसपास उडणारं एटीआर विमान चढ-उतार धरून ते तासाभरात कापतं. कुडाळहून घाटातून गाडीने सात-आठ तास लागतात.

पण पुढचा हिशोब बघा. कुडाळहून चिपी पाऊण तास, दीड तास आधी हजेरी, लोहगावहून शहरात पोचायला पाऊण-एक तास. झाले चार-सव्वाचार तास. म्हणजे वाचतात तीन ते चार, तेही विमान वेळेवर सुटलं तर. पावसात ढग खाली आले, फेरी रद्द झाली की पुण्याच्या दवाखान्याची तारीख हुकलीच. सिंधुदुर्गकरांना आता हवंय ते भरवशाचं वेळापत्रक.