बागायतीच्या पाण्याचा आलेख कसा असावा?

कोष्टकात राहिलेले आकडे सहसा कागदावरच राहतात. तेच आलेखाच्या रूपाने मांडले म्हणजे बागायतदाराच्या डोळ्यांस दिसू लागतात. परंतु कोणत्या प्रश्नासाठी कोणता आलेख योजावा, याचा विचार आपल्याकडे पुरेसा होत नाही. वसईच्या विहिरींचा प्रश्न या दृष्टीने विचार करण्याजोगा आहे.

दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा व पश्चिमेस समुद्र अशा वेढ्यात वसई-विरारचा बागायती पट्टा वसला आहे. येथील केळी, पानवेली, फुले व भाजीपाला ही लागवड विहिरींच्या व बावखलांच्या गोड्या पाण्यावर वाढली. किनाऱ्यालगत हे गोडे पाणी हलके असल्यामुळे भूगर्भातील खाऱ्या पाण्यावर तरंगते. समुद्रसपाटीच्या वर १ फूट गोडे पाणी असेल, तर सपाटीखाली सुमारे ४० फूट गोड्या पाण्याचा थर टिकतो, असा सर्वसाधारण नियम आहे. म्हणून उपशामुळे पातळी थोडी उतरली, तरी कालांतराने खारे पाणी पुष्कळ वर चढू शकते.

अर्थात येथील बागायतदाराचा प्रश्न एकपदरी नाही. पाण्याचा खारेपणा, उपसा, खाडीपासूनचे अंतर आणि ऋतू यांचा परस्परांशी संबंध काय, हे त्यास जाणून घ्यावयाचे असते. या प्रत्येकाचे निरनिराळे स्तंभ काढले, तर संबंध दिसत नाही. वर्तुळाचे भाग पाडणारा आलेख एका गोष्टीची वाटणी दाखविण्यापुरताच उपयोगी. गावाची सरासरी काढणे तर अधिकच घातक. सरासरीत पाणी गोडे ठरले, म्हणून खाडीलगतच्या वाडीतील केळी करपावयाची राहत नाही.

आमच्या मते येथे ठिपक्यांचा आलेख योजावा. आडव्या रेषेवर पंप चालण्याचे दररोजचे तास आणि उभ्या रेषेवर पाण्याची विद्युतवाहकता मांडावी; क्षार वाढले की ही वाहकता वाढते. प्रत्येक विहिरीस एक ठिपका द्यावा. खाडीजवळच्या विहिरींचे ठिपके भरीव व दूरच्यांचे पोकळ ठेवावेत, म्हणजे एकाच शाईतही भेद कळेल.

ऋतूसाठी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च व मे अशा चार चौकटी एकाच मापाने शेजारी शेजारी काढाव्यात. पावसाळा सरल्यावर पावसाची भर थांबते आणि उपसाही वाढतो. सर्व महिने एकत्र केले, तर खारेपणा कशामुळे वाढला हे सांगता येणार नाही. एकाच महिन्यातील, सारख्या अंतरावरील विहिरींची तुलना केली म्हणजे उपशाचा परिणाम वेगळा पाहता येतो. एकाच आलेखावर डावीकडे एक व उजवीकडे दुसरे माप देऊन दोन रेषा काढण्याची पद्धत मात्र टाळावी. मापे बदलून त्या रेषा हव्या तेथे जुळविता येतात.

अमेरिकेतील रिव्हरसाइड येथील क्षार प्रयोगशाळेने १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेला ओलिताच्या पाण्याचा आलेख असाच आहे. त्यात आडव्या रेषेवर २५०, ७५० व २२५० मायक्रोमोहो या वाहकतेच्या सीमा आणि उभ्या रेषेवर सोडियमचे प्रमाण असून, दोन्ही मिळून पाण्याचे १६ वर्ग पडतात. पाण्याची योग्यता एका आकड्यावरून ठरत नाही, हे त्यावरून सहज पटते.

तथापि ठिपके एका दिशेने चढलेले दिसले, एवढ्याने कारण सिद्ध होत नाही. विहिरीची खोली व जमिनीचा प्रकारही निरनिराळा असतो. यासाठी काही विहिरींचा उपसा एक हंगाम कमी करून, शेजारच्या विहिरींशी त्यांची तुलना करावी.

वाहकता मोजण्याचे लहान यंत्र आज सहज मिळते. विस्तार कार्यकर्त्यांनी बागायतदारांकडूनच नोंदी करवून असा आलेख गावात लावावा. भूगर्भातील पाण्यास वाड्यांचे कुंपण नाही. एकाच्या उपशाचा भार शेजाऱ्याच्या विहिरीवर पडतो. तो सर्वांना एकत्र दिसला, तरच उपशाची मर्यादा आपसांत ठरविणे शक्य होईल.