मुंबई, नागपूर आणि मध्ये राहून गेलेली आष्टी

नागपुरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरले की वेगळ्या विदर्भाचा वाद पेटतो आणि मंत्र्यांच्या गाड्या परत फिरल्या की विझतो. या वादाला दोनच बाजू आहेत असे मानायची आता सवय झाली आहे. एक बाजू सांगते, मुंबई आमचे खाते, म्हणून राज्य वेगळे हवे. दुसरी सांगते, हुतात्म्यांच्या रक्तावर उभा राहिलेला महाराष्ट्र तोडू देणार नाही. भाषणे दोन्हींकडे खणखणीत असतात. तळेगावच्या (श्यामजी पंत) एसटी आगारात नेऊन ती पुन्हा ऐकली, तर मात्र दोन्हींचा आवाज बसतो.

हे तळेगाव वर्धा जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात, नागपूर–अमरावती महामार्गावर आहे. इथल्या माणसाचे तहसील कार्यालय आष्टीला, उपविभागीय अधिकारी आर्वीला, कलेक्टर वर्ध्याला, विभागीय आयुक्त नागपूरला, आणि ज्या टेबलावर फाइल खरोखर हलते ते टेबल मुंबईला. गाव नागपूर विभागात मोडत असले तरी अंतराने त्याला अमरावतीच जवळ. पश्चिमेकडे वर्धा नदी ओलांडली की वऱ्हाड लागतो. इंग्रजांच्या काळात नदीच्या अलीकडे मध्य प्रांत होता आणि पलीकडे कागदोपत्री निजामाच्या मालकीचा, पण इंग्रजांनी कायमच्या भाडेपट्ट्याने घेतलेला मुलूख. भाषणांतला अखंड, एकजीव विदर्भ ज्या दोन तुकड्यांचा बनला, त्यांचा जोड तळेगावच्या शेजारूनच जातो.

वेगळ्या राज्याची मागणी कुणा नाराज पुढाऱ्याने काल उकरून काढलेली नाही, हे आधी मान्य करायला हवे. १ ऑक्टोबर १९३८ रोजी मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेने वेगळ्या विदर्भाचा ठराव केला. फाझल अली आयोगाने १९५५ च्या अहवालात विदर्भाच्या स्वतंत्र राज्याची शिफारस केली. ती डावलून १९५६ मध्ये आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात घातले गेले आणि नागपूरची राजधानी एका रात्रीत गेली. १९६२ च्या लोकसभा निवडणुकीत नागपूरने याच प्रश्नावर बापूजी अणे यांना अपक्ष म्हणून निवडून दिले. पुढे वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये अनुशेषाचा हिशेब मांडला, तेव्हा एकूण ३,१८६.७८ कोटी रुपयांपैकी १,२४६.५५ कोटी, म्हणजे ३९ टक्क्यांहून अधिक वाटा विदर्भाचा निघाला. दशकभरानंतर निर्देशांक व अनुशेष समितीने पुन्हा मोजदाद केली, तर विदर्भाचाच आकडा साडेसहा हजार कोटींच्या वर गेलेला. तक्रार खरी आहे, आकड्यांनी सिद्ध झालेली आहे. तिला रडगाणे म्हणणाऱ्यांनी हे आकडे एकदा मोठ्याने वाचावेत.

अखंड महाराष्ट्रवाद्यांचे ठरलेले उत्तर असे की मुख्यमंत्रिपद तर विदर्भाला भरभरून मिळाले. कन्नमवार चंद्रपूरचे, वसंतराव आणि सुधाकरराव हे दोन्ही नाईक पुसदचे, देवेंद्र फडणवीस नागपूरचे. मग अन्याय कसला? हा युक्तिवाद करणाऱ्याच्या लक्षात येत नाही की तो स्वतःविरुद्धच साक्ष देतो आहे. वसंतराव नाईक १९६३ पासून सलग अकरा वर्षे मुख्यमंत्री होते. तरीही दांडेकरांना मोजावा लागेल इतका अनुशेष साचला असेल, तर मुख्यमंत्र्याचे गाव कोणते याने काही ठरत नाही, हेच त्यातून निघते. पण तो दाखला वेगळ्या विदर्भवाल्यांनाही तितकाच अडचणीचा आहे. मुंबईत बसलेल्या विदर्भाच्या माणसाला जे जमले नाही, ते त्याला नागपुरात बसवले की जमेल, असे मानायला आधार काय?

हुतात्म्यांच्या नावाने वेगळेपणाची मागणी करणाऱ्याला द्रोही ठरवण्याची रीतही इतिहासाला धरून नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या नेत्यांनी विदर्भाला विनाअट सामील व्हायला सांगितलेच नव्हते. ८ ऑगस्ट १९४७ च्या अकोला करारात शंकरराव देव, धनंजयराव गाडगीळ, ब्रिजलाल बियाणी, पंजाबराव देशमुख अशा मंडळींनी एकाच मराठी प्रांतात दोन उपप्रांत कल्पिले होते. महाविदर्भाला स्वतःचे विधिमंडळ आणि स्वतःचे मंत्रिमंडळ मिळायचे होते. ब्रिटनने स्कॉटलंडला जे १९९९ मध्ये दिले, त्याच्या जवळ जाणारी कल्पना मराठी माणसांनी अर्धशतक आधी कागदावर उतरवली होती. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात ती आटली. वर्षातून एक अधिवेशन नागपुरात, लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च, नोकऱ्यांत वाटा, एवढ्यावर ती आली. डॉ. आंबेडकरांनी तर १९५५ मध्ये मराठी मुलखाची चार राज्ये करावीत असे सुचवले होते. त्यांनाही द्रोही म्हणायचे काय?

करारापाठोपाठ घटनादुरुस्तीने कलम ३७१(२) आले आणि राज्यपालांवर समन्यायी निधीवाटपाची जबाबदारी टाकता येईल अशी सोय झाली. साल होते १९५६. त्या कलमाखालची वैधानिक विकास मंडळे प्रत्यक्षात आली १९९४ मध्ये. अडतीस वर्षे! ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली आणि ती तशीच संपू दिली गेली. पुन्हा स्थापन करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला तो सप्टेंबर २०२२ मध्ये. एकीची शपथ घेणाऱ्यांनी एकीच्या अटी अशा पाळल्या. तरीही मंडळे बुडाली म्हणून फार गळा काढण्यात अर्थ नाही. ती नेमलेली मंडळे होती. आष्टीच्या मतदाराला त्यांतला एकही सदस्य घरी पाठवता येत नव्हता.

वेगळ्या राज्याचा सर्वांत जोरकस युक्तिवाद असतो जवळिकीचा: राजधानी जवळ आली की सत्ता जवळ येते. झारखंड या एका राज्याने तो खोटा पाडला आहे. १५ नोव्हेंबर २००० रोजी ते बिहारमधून वेगळे झाले, आदिवासी अस्मितेच्या आणि दुर्लक्षाच्या नेमक्या अशाच तक्रारीवर. नव्या राज्याने पहिल्या पंचायत निवडणुका घेतल्या २०१० च्या अखेरीस. दहा वर्षे रांचीत विधानसभा होती, मंत्री होते, लाल दिवे होते, आणि गावात निवडून आलेली पंचायत नव्हती. ज्या बिहारला मागास म्हणून सोडले, त्याने २००१ मध्येच त्या निवडणुका घेतल्या होत्या. स्कॉटलंडही याला अपवाद नाही. लंडनकडून अधिकार घेतलेल्या स्कॉटिश सरकारने २०१३ मध्ये आठ प्रादेशिक पोलिस दले मोडून त्यांचे एकच दल केले. वरून खाली आलेली सत्ता जिथे थांबते तिथेच गोळा होते, मग तिथला झेंडा कोणताही असो.

नागपूरचेही यापेक्षा वेगळे होणार नाही, याची चुणूक मिळालेली आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये नागपूर, वर्धा, अमरावती, अकोला, भंडारा आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांचे पालकमंत्रिपद एकट्या फडणवीसांकडे होते. ते विदर्भाचेच, शिवाय उपमुख्यमंत्री, म्हणजे जवळीकही होती आणि वजनही. पण जिल्हा नियोजन समितीचा अध्यक्ष पालकमंत्री असतो, आणि सहा जिल्ह्यांचे नियोजन एका माणसाच्या वेळापत्रकावर टांगले जाते, तेव्हा वर्ध्याच्या वाट्याला जिल्ह्याचा कारभार येतो की मंत्र्याची भेट, हे सांगायला कुठल्या समितीची गरज नाही. वऱ्हाडातल्या लोकांना नागपूरबद्दल जी अढी आहे ती यातूनच. निर्देशांक समितीने काढलेला सिंचनाचा अनुशेष शेवटपर्यंत रेंगाळला तो अमरावती, अकोला, वाशिम, बुलडाणा या चार जिल्ह्यांत, म्हणजे नदीच्या पलीकडे. विदर्भाच्या आतही एक विदर्भ मागे पडतो.

दांडेकरांचे इथे पुन्हा स्मरण करावे लागते. त्यांच्या समितीने अनुशेष मोजला तो जिल्हा हे एकक धरून. म्हणूनच त्या हिशेबात विदर्भाच्या बरोबरीने मराठवाडा आला आणि उर्वरित महाराष्ट्रातल्या मागे पडलेल्या जिल्ह्यांचेही १,१८९.३८ कोटी आले, एकूण अनुशेषाच्या ३७ टक्के. दुखणे जिल्ह्याजिल्ह्यांत सापडले आणि औषध दिले गेले विभागाच्या नावाने. राजकारण्यांना विभाग सोयीचा असतो, कारण त्यावर मोर्चा काढता येतो. जिल्ह्यावर मोर्चा काढला तर मागणी स्वतःच्याच पक्षाच्या पालकमंत्र्याकडे करावी लागते.

मग असावे काय? याचे उत्तर तळेगावच्या आजोबांच्या पिढीने पाहिलेले आहे, इतके ते जुने आहे. १९४८ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडच्या सरकारने, द्वारकाप्रसाद मिश्र स्थानिक स्वराज्याचे मंत्री असताना, जनपद योजना आणली. प्रत्येक तहसिलीला एक जनपद सभा, निवडून आलेली, आणि तहसील पातळीवरचा कारभार तिच्या कक्षेत. वर्धा जिल्ह्यात तेव्हा वर्धा, आर्वी आणि हिंगणघाट या तीनच तहसिली होत्या आणि आष्टी-तळेगावचा मुलूख आर्वीत मोडे. योजनेत दोष होते, पैसा अपुरा होता. पण तालुका हे राज्यकारभाराचे एकक मानण्याचे धाडस त्यात होते. नागपूर कराराने तर प्रशासनात लोकांना सामील करून घेण्याचे साधन म्हणून विकेंद्रीकरणाचा उल्लेखच केला होता. करारातले अधिवेशन सगळ्यांना आठवते, हा भाग दोन्ही बाजू सोयीने विसरतात.

वसंतराव नाईक समितीने पुढे जिल्हा परिषदेला बळ दिले, १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. देशभर त्यांची वाहवा झाली, ती त्या काळी योग्यच होती. नंतर मुंबईने एकेक दोर परत ओढून घेतला. ७३व्या घटनादुरुस्तीने २९ विषयांची यादी दिली, पण ते विषय सोपवायचे की नाही हे राज्याच्या मर्जीवर ठेवले. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला पंचायत समितीचा वाटा अवघा १० टक्के, आणि त्या निधीपैकी ६० टक्के पाणी-स्वच्छतेसाठी आधीच बांधलेला. सरपंच थेट जनतेतून निवडायचा हे २०१७ मध्ये ठरले, २०२० मध्ये सरकार बदलल्यावर मोडले, २०२२ मध्ये पुन्हा सरकार बदलल्यावर परत आले. तिन्ही वेळा गावाला कुणी विचारले नाही. या खेळाला स्थानिक स्वराज्य म्हणायचे असेल तर म्हणावे. आणि मार्च २०२२ मध्ये वर्ध्यासह कितीतरी जिल्हा परिषदांची मुदत संपली, तेव्हा ओबीसी आरक्षणाच्या खटल्यात निवडणुका अडकून प्रशासक आले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुकांचा आदेश द्यावा लागला. विधानसभेची निवडणूक तीन वर्षे लांबली असती तर राज्यभर काय आक्रोश झाला असता!

या मांडणीवरचा सर्वांत गंभीर आक्षेप आंबेडकरांचा आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. वर्ध्याचेच प्राचार्य श्रीमन्नारायण अग्रवाल यांनी १९४६ मध्ये गावावर उभारलेली गांधीवादी राज्यघटना मांडली. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत आंबेडकरांनी अशा ग्रामप्रेमाची सालटी काढली. गाव म्हणजे संकुचितपणा आणि जातीयता, घटनेचे एकक व्यक्तीच असली पाहिजे, असा त्यांचा मुद्दा. तो आजही खोटा ठरलेला नाही. ज्या गावात पाणवठ्यावर जात पाहिली गेली, त्या गावाच्या हाती सगळे सोपवा, असे कुणी म्हणू नये. पण म्हणूनच तालुका आणि जिल्हा महत्त्वाचा. अनेक गावांच्या एकत्र सभेत एका गावातल्या एका जातीचे बहुमत विरघळते, शिवाय तिथे अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांच्या राखीव जागा आहेत. आंबेडकरांचा आक्षेप गावाच्या भाबड्या पूजेवर होता. मुंबईच्या मक्तेदारीचे समर्थन त्यातून निघत नाही.

हे चालते याचे दाखलेही आहेत. केरळने १९९६ मध्ये लोकनियोजन मोहीम सुरू करून राज्य योजनेतला ३५ ते ४० टक्के पैसा स्थानिक संस्थांच्या हाती दिला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला तर पैसाही मिळाला नव्हता. सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही तिथली घोषणा. त्यासाठी त्यांनी वेगळ्या विदर्भाची वाट पाहिली नाही.

अर्थात तालुक्याने सोडवायचे नाहीत असेही प्रश्न आहेत. आष्टी-कारंजा पट्ट्यातल्या संत्र्यावर बांगलादेशाने आयात शुल्क वाढवले, तेव्हा बागायतदाराचा भाव ढाक्याच्या निर्णयाने पडला. तिथे आष्टीची पंचायत समिती काय करणार, आणि नागपूरचे राज्य तरी काय करणार? ते दिल्लीचे काम. प्रश्न जिथला, अधिकार तिथला, अशी विभागणी करायची तर काही गोष्टी वरही पाठवाव्या लागतील.

विदर्भवाद्यांनी आणि अखंडवाद्यांनीही पुढच्या निवडणुकीआधी दोन गोष्टी लेखी द्याव्यात. पहिली, जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्षपद पालकमंत्र्याकडून काढून जिल्हा परिषदेच्या निर्वाचित अध्यक्षाकडे देणार की नाही. घटनेच्या २४३ झेडडी कलमाने या समितीचे चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या निर्वाचित सदस्यांतून निवडायला सांगितले आहेत, अध्यक्ष मंत्रीच हवा असे कुठेही म्हटलेले नाही. दुसरी, जिल्हा वार्षिक योजनेतला ठरावीक हिस्सा पंचायत समितीला न बांधता देणार की नाही. एका बाजूने राज्य वेगळे करण्याचे आश्वासन दिले आणि या दोन प्रश्नांवर मौन पाळले, दुसरीने राज्य अखंड ठेवण्याची शपथ घेतली आणि हेच मौन पाळले, तर आष्टी तालुक्याच्या मतदाराला दोन्ही पत्रकांत निवडण्यासारखे फारसे काही उरणार नाही.